वेर्दिक्यो – हिरवट पांढरी इटालियन वाइन आणि तिच्याबरोबर काय काय खावं

शेवंती
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सकाळपासून पाऊस लागलाय म्हणून बसले एकदाची टंकायला. लांबलं तर गोड मानून घ्या.

आम्ही अंकोनाला राहतो, सहा वर्षं झाली. इटलीचा बूट डोळ्यांसमोर आणा, त्याच्या पोटरीच्या मागच्या बाजूला समुद्राला टेकून आहे ते अंकोना. प्रांताचं नाव मार्के. रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस करून परत जाणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रांत माहीत नसतो आणि खरं सांगू, आम्हाला ते बरंच आहे.

तर इथली पांढरी वाइन म्हणजे वेर्दिक्यो. हे द्राक्षाचंच नाव. वेर्दे म्हणजे हिरवा, आणि वाइन ताजी असताना पिवळ्यात खरंच हिरवट झाक दिसते. दोन ठिकाणची प्रसिद्ध आहे. एक येझी गावाच्या आसपासच्या टेकड्यांवरची, एझिनो नदीच्या दोन्ही अंगांना, जिथून समुद्र लांब नाही. दुसरी मातेलिकाची, तिथलं खोरं उत्तर-दक्षिण पसरलेलं, डोंगरांनी समुद्रापासून तोडलेलं, त्यामुळे दिवसा ऊन आणि रात्री गारठा, आणि वाइन जास्त धारदार आंबट. मातेलिकाला सरकारी मान्यता १९६७ ला मिळाली, येझीला १९६८ ला, पण येझीचं उत्पादन कितीतरी जास्त म्हणून दुकानात तीच दिसते.

आता मुद्द्याचं. मी आले तेव्हा मला ही वाइन अजिबात आवडली नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या, सगळी आळी त्यांना नोन्ना म्हणजे आजीच म्हणते. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी जेवायला बोलावलं. ब्रोदेत्तो केला होता, म्हणजे इथलं मासळीचं कालवण. वाइन साध्या पाण्याच्या पेल्यात ओतली, पेला पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिरका धरून हिरवा रंग दाखवला. मी घोट घेतला. आधी आंबट, मग काहीतरी खारट, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे कडसर, सोललेला बदाम कडू निघावा तसं. माझं तोंड वाकडं झालं असणार कारण आजी खो खो हसल्या आणि ताटली पुढे सरकवून म्हणाल्या, आता खा. रश्श्यात बुडवलेला पाव, त्यावर माकूळचा तुकडा. तो खाऊन परत घोट घेतला तर कडसरपणा होता पण आता तो बोचत नव्हता, उलट तोंड धुतल्यासारखं स्वच्छ झालं आणि हात आपोआप परत पावाकडे गेला. तेव्हा कळलं की ही नुसती प्यायची वाइन नाहीच, हिला ताटात काहीतरी लागतं.

या ब्रोदेत्तोत परंपरेने तेरा प्रकारची मासळी घालतात असं अंकोनावाले सांगतात. आजींना तेरा मिळाले नाहीत तर त्या दहावरच थांबतात आणि मोजायला कुणी बसलेलं नसतं. टोमॅटो, व्हिनेगर, कांदा, आधी टणक मासळी आणि मग मऊ, असं एकेक करत सोडायची, ढवळायचं नाही. थोडं खाली गेलं की पोर्तो रेकानातीत टोमॅटोच नाही, रानकेशर घालून पिवळा करतात, आणि अजून खाली सान बेनेदेत्तोत हिरवे टोमॅटो आणि ढोबळी मिरची. तिन्ही गावं एकमेकांचं कालवण चुकीचं आहे म्हणतात. सोलापूर-कोल्हापूरच्या रश्श्यांची आठवण होते की नाही?

बाकीचं खाणं कमेंटीत लिहिते, विचारा काय विचारायचं ते.

खवय्या_बुवा
पयला!! वाचतो आता.

खवय्या_बुवा
वाचलं. जळजळ झाली. फोटो कुठेत?

कर्दळीवन
छान लिहिलंयस गं. एक बाळबोध प्रश्न, बाटलीवर क्लासिको, सुपेरिओरे, रिझेर्वा असं काय काय लिहिलेलं असतं, घ्यायची कुठली? आमच्याकडे जर्मनीत सुपरमार्केटात वेर्दिक्योच्या तीन बाटल्या शेजारी शेजारी होत्या, भाव पाच युरोपासून अठरापर्यंत, मी घाबरून बिअर घेऊन आले.

शेवंती
@कर्दळीवन, बाळबोध नाही, मी पण दोन वर्षं चुकीची घेत होते. क्लासिको म्हणजे येझीजवळच्या जुन्या मूळ पट्ट्यातली. सुपेरिओरे म्हणजे वेलीवर द्राक्षं कमी ठेवून काढलेली आणि अल्कोहोल किमान बारा टक्के. रिझेर्वा ही मुरवलेली, विकायला काढायच्या आधी कमीत कमी दीड वर्ष, त्यातले सहा महिने बाटलीत. रिझेर्वाला इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा २०१० च्या सुमाराला मिळाला. सगळ्यांत किमान ८५ टक्के वेर्दिक्यो असावंच लागतं, पण बरेच जण शंभर टक्केच करतात.
तू पहिल्यांदा घेत असशील तर मधली, क्लासिको सुपेरिओरे. इथे ती सात-आठ युरोला मिळते आणि त्या भावात एवढी चांगली वाइन दुसरीकडे कुठे मिळत नाही हे मी पैज लावून सांगते. अठराची रिझेर्वा असेल तर ती भाजलेल्या कोंबडीबरोबर पी, सॅलडबरोबर वाया घालवू नकोस.

दर्यावर्दी_अण्णा
आम्ही जहाजावर असताना एड्रियाटिकला बरेच वेळा गेलो, अंकोना बंदरात पण. ती कमरेत चिमटलेली हिरवी बाटली आठवते, गळ्यात कागदाची छोटी गुंडाळी बांधलेली. तीच का ही? आम्ही तर रिकामी बाटली केबिनमध्ये फुलदाणी म्हणून ठेवायचो.

शेवंती
अण्णा तीच!! फात्सी बात्तालिया म्हणून कंपनी आहे, त्यांनी १९५३ ला स्पर्धा घेतली होती आणि आंतोनियो मायोक्की नावाच्या वास्तुविशारदाने ती सुरईच्या घाटाची बाटली काढली. ग्रीकांनी वसवलेलं अंकोना आणि त्यांचे वाइनचे रांजण, असं त्यामागचं डोकं. बाटली इतकी गाजली की जगभर पोचली आणि नंतर तीच नडली. बाटली बघून घ्यायचे, आत काय आहे ते कुणी बघेना, मग पातळ स्वस्त माल पण त्याच घाटात खपायला लागला आणि वेर्दिक्यो म्हणजे टूरिस्टांनी समुद्रावर मासे खाताना प्यायची वाइन असा शिक्का बसला. चांगले उत्पादक आता साध्या सरळ बाटलीत भरतात. फुलदाणी मात्र माझ्याकडेही आहे.

चिवडा_पार्टी
पण शेवटी मासळीचीच वाइन ना? पांढरी वाइन मासे, लाल वाइन मटण, एवढं पाठ केलं की झालं. उगाच डोक्याला ताप.

शेवंती
@चिवडा_पार्टी, तिथेच तर भांडण आहे माझं. बंदर सोडून जरा आत गेलं की कुप्रामोंताना, स्ताफ्फोलो ही टेकडीवरची गावं, जिथे ही द्राक्षं होतात, आणि तिथे लोक मासळी कमी आणि ससा, डुक्कर, कोंबडी जास्त खातात, वाइन तीच. सशाचा एक प्रकार आहे, कोनिल्यो इन पोर्केत्ता, सशाच्या पोटात रानबडीशेप, लसूण, डुकराची चरबी भरून भाजतात. बडीशेपेचा तो गोडसर वास आणि वेर्दिक्योची कडसर शेपूट, यापुढे मला लाल वाइन आठवत पण नाही. किंवा च्याउस्कोलो, हे इतकं मऊ सलामी की पावाला लोण्यासारखं फासतात. नुसती चरबी. त्याला आंबट पाहिजेच.

आणि विंचिसग्रास्सी, आपण लझान्या म्हणतो त्याचा इथला थोरला भाऊ, कोंबडीची काळीज-कलेजी बारीक चिरून घातलेला. नावाची गोष्ट अशी सांगतात की १७९९ च्या अंकोनाच्या वेढ्यात आलेल्या विंडिशग्रेट्झ नावाच्या ऑस्ट्रियन सेनापतीसाठी केला म्हणून हे नाव, पण जवळजवळ याच नावाचा पदार्थ त्याच्या आधीच छापलेला सापडतो, म्हणजे सेनापतीसाहेब उशिरा जेवायला आले. याच्याबरोबर रिझेर्वा.

रसायनी
चिवडापार्टी यांच्या नियमात थोडं तथ्य आहे हो. लाल वाइनबरोबर मासे खाल्ले की कधीकधी तोंडात घाणेरडी वासट, धातूसारखी चव येते ना, ती उगाच नाही. जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६९ वाइन सुकवलेल्या स्कॅलप शिंपल्यांबरोबर चाखल्या आणि वाइनमधलं लोह जितकं जास्त तितका तो वास जास्त असं निघालं. लालमध्ये लोह बहुतेकदा जास्त असतं. पण कमी लोहाची लाल वाइन असेल तर चालून जाते, म्हणजे दोष रंगाचा नाही.

चिवडा_पार्टी
बघा, मी म्हणालो होतो. विज्ञान माझ्या बाजूने आहे.

रसायनी
विज्ञान कुणाच्याच बाजूने नसतं काका :)

भाजीवाली_मावशी
आम्ही शाकाहारी बायकांनी काय करायचं? दर वेळी धाग्यात मासे, ससे, काळीज. ससा वाचून तर माझ्या मुलीने फोन हिसकावून घेतला.

शेवंती
मावशी सॉरी सॉरी. तुमच्यासाठी भरपूर आहे. इथली क्रेशा म्हणजे आपल्या जाडसर पोळीच्या जवळ जाणारी, तव्यावर भाजलेली, त्यात रानभाज्या. रानभाज्या म्हणजे शेताच्या बांधावरची कडू पाल्याची भाजी, उकडून मग लसूण-तेलात परतलेली. कडूवर कडसर वाइन, ऐकायला चुकीचं वाटतं पण दोन्ही कडूपणा एकमेकांना खाऊन टाकतात. आपल्याकडची मेथी परतून करतो ना, बिनगुळाची, तिच्याबरोबर मी घरी प्यायलेय, झकास. वसंतात कोवळे ओले बाकला बीन्स आणि मेंढीचं चीज नुसतंच खातात, त्याच्याबरोबर साधी क्लासिको. अंड चालत असेल तर कांद्याचं जाड ऑम्लेट. आर्टिचोकबरोबर बहुतेक वाइन गोडमिट्ट लागतात, ही त्यातल्या त्यात तग धरते.

आणि तळणीतलं म्हणाल तर मावशी, कोथिंबीर वडी. अळूवडी मात्र नको, चिंचगुळामुळे वाइन पाणचट लागते, करून बघितलंय.

भाजीवाली_मावशी
कोथिंबीर वडी!! हे ऐकून जीव भांड्यात पडला. मुलगी अजून रागावलीये.

पेडणेकर_गोंयकार
तळणीचा विषय निघाला म्हणून, तिकडे ते ऑलिव्ह तळतात ना मटण भरून? पणजीत एका पार्टीत खाल्ले होते, एका बैठकीत वीस संपवले.

शेवंती
हो हो, ऑलिव्ह आस्कोलाना. आस्कोली पिचेनो गाव मार्केतच आहे, दक्षिणेला. तिथली मोठी मऊ हिरवी ऑलिव्ह घेऊन बी भोवती गोल गोल सालासारखं कापत बी मोकळी करायची, मग ती सालपटी शिजवून वाटलेल्या मांसाभोवती परत गुंडाळायची, गाय-डुक्कर-कोंबडी मिसळलेलं, जायफळ घालून, आणि मैदा-अंड-पावचुरा लावून तळायची. मी एकदा आजींकडे बसून केली, दोन तासांत माझी चाळीस झाली आणि त्यांची दीडशे. माझी तळताना उकललीसुद्धा. गार वेर्दिक्यो आणि गरम ऑलिव्ह, वीस म्हणजे तुम्ही संयम पाळलात.

पुणेरी_टोमणा
गार म्हणजे किती गार? आमचे एक मेव्हणे पाहुण्यांना पांढरी वाइन बर्फ घालून देतात, वर लिंबू पिळतात. आम्ही काही बोलत नाही, बहिणीचा संसार आहे.

शेवंती
अहो मीच केलंय ते, मेव्हण्यांना काय नावं ठेवू. इथे आल्यावर पहिल्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातले चार जण जेवायला आले होते, त्यांनीच आणलेली चांगली मुरलेली रिझेर्वा मी फ्रीझरमध्ये ठेवली आणि विसरले. बऱ्याच वेळाने काढली तर बूच अर्धं वर आलेलं आणि आत बर्फाचा चुरा. तशीच ओतली पेल्यात. चौघेही सभ्यपणे प्याले, एकजण तर छान म्हणाला. तिला ना वास होता ना चव, नुसतं थंड आंबट पाणी. साधी ताजी असेल तर आठ ते दहा डिग्री, रिझेर्वा बाराच्या आसपास. आपल्या फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं टेबलावर ठेवली की झालं, पुण्याच्या मे महिन्यात पाच मिनिटं.

कर्दळीवन
रिपोर्ट द्यायला आले. क्लासिको सुपेरिओरे आणली, साडेआठ युरो. नवऱ्याने ट्राउट मासा लोण्यात परतला वर बदामाचे काप. अगं काय लागलं ते!! बदामाचं आणि तिचं काय साटंलोटं आहे? आणि शेजारी लुगाना नावाची वाइन होती, विकणारा म्हणाला ही पण साधारण तशीच, खरं का?

शेवंती
@कर्दळीवन, तुझ्या नवऱ्याला सलाम. कडू बदाम ही तर वेर्दिक्योची ओळखच, म्हणून जुळलं. आणि लुगानाचं खरं आहे, गार्दा सरोवराच्या काठची वाइन, तिथे द्राक्षाला तुर्बियाना म्हणतात पण जनुकं तपासली तर हेच द्राक्ष निघालं. पंधराव्या शतकात प्लेगने इकडची गावं ओस पडली तेव्हा व्हेनेतोकडची माणसं येऊन वसली आणि त्यांच्याबरोबर वेल आला असं मानतात. तिकडची जरा गोलसर लागते, आमची जास्त ताठ. (आमची म्हणाले बघा, सहा वर्षांत माणूस कुठे जातो.)

कोळीवाडा_४७
नमस्कार, नवीन आयडी आहे पण धागा बरेच दिवस वाचतेय. आमचा सुक्या मासळीचा धंदा आहे वर्सोव्याला, आईचा, आता मी बघते. युट्यूबवर इटलीत सुका मासा बटाट्याबरोबर शिजवताना बघितला, गाव अंकोनाच होतं म्हणून विचारते. तो कुठला मासा आणि भिजवतात किती? आणि त्याच्याबरोबर ही वाइन चालते का?

शेवंती
ताई तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, हा पदार्थ मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. स्तोक्काफिस्सो. मासा कॉड, इथला नाहीच, नॉर्वेहून येतो. तिथे लोफोटेन बेटांवर हिवाळ्यात पकडून, मीठ न लावता लाकडी मांडवांवर जोडी जोडीने शेपटाला बांधून टांगतात आणि वाऱ्यावर लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. मी पहिल्यांदा त्याचे फोटो बघितले तेव्हा मला वर्सोव्याच्या वलांडीवरचे, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवावरचे, बोंबीलच दिसले, तोंडात तोंड अडकवून टांगलेले, तेही बिनमिठाचेच. फक्त तिकडे बर्फ आणि इकडे ऊन.
भिजवायला कित्येक दिवस लागतात, पाणी रोज बदलत. आजी आता भिजवलेलाच आणतात. मग जाड बुडाच्या भांड्यात तळाला वेताच्या काड्या आडव्या टाकतात, मासा लागू नये म्हणून, त्यावर मासा, वर टोमॅटो, गाजर-सेलरी-कांदा, सगळ्यात वर बटाट्याच्या मोठ्या फोडी, आणि मग ऑलिव्ह तेल. किती तेल? मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या आईचा आवाज ऐकू आला कानात. बटाटे जवळजवळ बुडेपर्यंत. त्यात पेलाभर वेर्दिक्यो. मंद आचेवर अडीच तास, डाव घालायचा नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. उरलेली बाटली टेबलावर. एवढ्या तेलाच्या पदार्थाला तोंड परत परत साफ करणारं काहीतरी पाहिजेच ना, म्हणून चालते का नाही, त्याच्याशिवाय चालतच नाही. या पदार्थासाठी अंकोनात चक्क एक ॲकॅडमी आहे.

पुणेरी_टोमणा
सुक्या माशाची ॲकॅडमी. आमच्या सोसायटीत सुकट भाजली तर नोटीस लागते.

कोळीवाडा_४७
तळाला काड्या टाकायची आयडिया भारी आहे. आम्ही ताजे बोंबील शिजवताना पण ढवळत नाही, भांडंच हलवतो. मग सुक्या बोंबलाच्या कालवणाबरोबर कशी लागेल?

शेवंती
खरं सांगू का, आपल्या मसाल्याच्या कालवणाबरोबर नाही. तिखट आणि अल्कोहोल एकत्र आले की जीभ जास्त पोळते आणि वाइन बिचारी नुसती आंबट उरते. मालवणी कालवणाला सोलकढीच खरी, तिथे इटलीने लुडबुड करू नये. पण रवा लावून तळलेले ताजे बोंबील, तिखट बेताचं, आणि तिसऱ्या शिंपल्या नुसत्या लसूण-मिऱ्यावर परतलेल्या, हे माझ्या मते जमतं. इथे कोनेरो डोंगराखाली पोर्तोनोवोला खडकांना आपोआप लागलेले काळे शिंपले मिळतात, मोशोली म्हणतात, माणसाने मुद्दाम वाढवलेले नव्हेत. तव्यावर झाकण घालून नुसते उघडेपर्यंत ठेवायचे, तेल, लसूण, मिरपूड, लिंबू, बस. तिसऱ्यांना तोच न्याय लावायचा.

पेडणेकर_गोंयकार
पण भारतात मिळते कुठे ही? मी इथल्या मोठ्या दुकानात विचारलं, तो म्हणाला वेर्दि काय? आणि पिनो ग्रिजो काढून दिली.

सह्याद्री_उतार
क्वचित दिसते मुंबईत, भाव ऐकून घरी यावं लागतं. नाशिकची सोव्हिन्यों ब्लां घ्या, आंबटपणा आणि ताजेपणा मिळेल, कडसर शेपूट नाही मिळणार. तिसऱ्यांना पुरे आहे. नाहीतर कुणी येणार असेल तर दोन लिटर आणता येतात ड्युटी न भरता.

दर्यावर्दी_अण्णा
बाटली सामानात टाकलीत तर मोजे घाला तिला. माझी एकदा फुटली आणि गणपतीला नेसायचं सोवळं वाइनमध्ये भिजलं. आईने धुतलं, वाळवलं, आणि वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

कोळीवाडा_४७
रवा बोंबील आणि नाशिकची वाइन, काल रात्री करून बघितलं. आई म्हणाली कशाला ते आंबट पाणी, आणि दोन पेले प्याली.

शेवंती
😂 हे आजींना इटालियनमध्ये वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं बोंबील म्हणजे काय, मी फोनवर वलांडीचा फोटो दाखवला, त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या पुढच्या वेळी भारतात गेलीस की मला हा आण. आता जानेवारीत येतेय. ताई, तुमच्या दुकानाचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

पुणेरी_टोमणा
कस्टमवाले सोडतील का?

शेवंती
मासळी वीस किलोपर्यंत चालते युरोपात, मी बघून ठेवलंय. मांस आणि दूधदुभतं चालत नाही.

कोळीवाडा_४७
व्यनि केलाय ताई. तीन पिशव्यांत बांधून देईन, पण विमानात वास आला तर मला फोन करू नका.